न दिसणारे दुखणे आणि तेलाचा हात

मराठी घरात तेलाचा हात तीन प्रसंगी हमखास फिरतो. तान्ह्या बाळाला आंघोळीआधी माखले जाते, बाळंतिणीच्या पाठी-कंबरेत तेल जिरवले जाते आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातील लहानथोरांना पाटावर बसवून तेल-उटणे लावले जाते. या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान असते. तेल लावणारा हात बहुतेक वेळा घरातील स्त्रीचा असतो. नातवाला माखते ती, लेकीसुनेचे बाळंतपण करते ती आणि दिवाळीला सर्वांच्या आधी उठून उटणे कालवते तीही तीच. मात्र तिच्या स्वतःच्या पाठीवरून असा हात शेवटचा कधी फिरला, असे विचारले तर उत्तर बहुधा तिच्या धाकट्या अपत्याच्या जन्मसालापाशी जाऊन थांबते.

हा विषय केवळ भावनेचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण अलीकडच्या काळात वैद्यकशास्त्राने नीट ओळखलेल्या एका विकारात या हाताला खरोखरीचे महत्त्व आहे. त्या विकाराचे नाव फायब्रोमायल्जिया. नाव परके असले, तरी दुखणे घराघरांतले आहे. अंग सतत ठणकते. आज मान, उद्या खांदे, परवा कंबर आणि मांड्या. रात्रभर अंथरुणात पडूनही झोप लागल्यासारखी वाटत नाही, सकाळी अंग आंबलेले असते. हातातले काम विसरायला होते, शब्द आठवत नाहीत. कोणी सहज दंडाला धरले, तरी कळ उठते. हे सारे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते, कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार शंभरांत दोन ते चार व्यक्तींना हा त्रास असावा असा अंदाज आहे. पुरुषांनाही तो होतो. पण रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे.

शरीराच्या वेदनेपेक्षाही या रुग्णांना अधिक बोचणारी वेदना दुसरीच असते. रक्ताची तपासणी होते, क्ष-किरण चित्र काढले जाते आणि सर्व काही ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो. बाईला आनंद व्हावा असा तो निर्वाळा, पण तिच्यासाठी तोच आरोपपत्र ठरतो. 'रिपोर्टमध्ये काही नाही' या वाक्याचा घरातला अर्थ 'हिला काही झालेले नाही' असा होतो. त्यापुढची पायरी म्हणजे 'कामाचा कंटाळा', आणि त्याहीपुढची 'सगळे मनाचे खेळ'. ज्या स्त्रीने आयुष्यभर घर ओढले, तिला आपले दुखणे खरे आहे हे उतारवयाच्या उंबरठ्यावर सिद्ध करीत बसावे लागते.

अहवाल निर्दोष, दुखणे खरे

या दुखण्याला नाव मिळण्यासही बराच काळ जावा लागला. १९०४ साली इंग्लंडमधील वैद्य विल्यम गॉवर्स यांनी 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला. त्यात स्नायूंच्या तंतूंना दाह होत असावा, अशी कल्पना होती. तसा दाह पुढे आढळला नाही, तेव्हा १९७६ मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हे आजचे नाव पुढे आले. १९९० साली अमेरिकेतील संधिवात-तज्ज्ञांच्या महाविद्यालयाने, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संस्थेने, निदानाचे निकष ठरविले. शरीरावरील अठरा ठरावीक बिंदूंवर सुमारे चार किलो इतका दाब द्यावयाचा आणि त्यांपैकी किमान अकरा ठिकाणी वेदना झाली, तर निदान पक्के करावयाचे, अशी ती पद्धत होती. २०१० मध्ये ही बिंदुगणना मागे पडली. वेदना किती भागांत पसरली आहे, झोप, थकवा व एकाग्रता यांची अवस्था काय आहे, याची विचारपूस आता निदानाचा आधार ठरते. म्हणजेच शास्त्राने अखेर रुग्णाचे ऐकून घेण्यास निकषांत स्थान दिले. घराने ते स्थान अजून दिलेले नाही.

तपासणीत काही सापडत नाही, कारण बिघाड स्नायूंत किंवा सांध्यांत नसतो. वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्या मज्जासंस्थेत तो असतो. रेडिओचा आवाज मोठा करून ठेवावा आणि साधी कुजबुजही आरोळीसारखी ऐकू यावी, तशी काहीशी ही अवस्था असते. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णांच्या व निरोगी व्यक्तींच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्यांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेतली. निरोगी माणसाच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे ज्या दाबाने उजळली, त्याच्या जवळपास निम्म्या दाबानेच रुग्णांच्या मेंदूत तसाच प्रतिसाद उमटला. 'ढोंग' या शब्दाला यापेक्षा सडेतोड उत्तर कोणते असू शकेल? २०१७ मध्ये वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा प्रकारच्या दुखण्यासाठी एक स्वतंत्र, तिसरा वर्गच मान्य केला. इजेमुळे होणारी वेदना एक, मज्जातंतूला दुखापत झाल्याने होणारी दुसरी आणि वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील झाल्याने होणारी ही तिसरी.

अंगदुखी हा आपल्या समाजातील किती मोठा भार आहे, याची चुणूक महाराष्ट्रातच मिळाली होती. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत शंभरांपैकी सुमारे अठरा जणांना हाडे, सांधे वा स्नायू यांचे दुखणे होते. त्या सर्वांना फायब्रोमायल्जिया होता असे मुळीच नाही. पण खेड्यातील माणूस कष्टाळू, त्याला कसले आलेय अंगदुखीचे लाड, या समजुतीला त्या पाहणीने छेद दिला. शेतात वाकून खुरपणी करणारी, डोक्यावर पाणी वाहणारी स्त्री दुखणे बोलून दाखवीत नाही, याचा अर्थ तिला दुखत नाही असा होत नाही.

रगडणे वेगळे, चेपणे वेगळे

अशा दुखण्यावर घरात मालिश करावी का? या प्रश्नाला आपल्याकडे दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक उत्तर उत्साही: 'चांगली रगडून काढा, सगळा वात पळेल.' दुसरे उत्तर तुच्छतेचे: 'तेल चोळून का कुठे रोग बरा होतो?' दोन्ही उत्तरे परंपरेचे व शास्त्राचे नाव घेऊन दिली जातात. आणि दोन्ही देणाऱ्यांनी परंपरा व शास्त्र यांच्याकडे नीट पाहिलेले नसते.

आयुर्वेदाच्या संहितांत फायब्रोमायल्जिया या नावाचा रोग शोधणे व्यर्थ आहे. जुन्या ग्रंथातील एखादे नाव आजच्या रोगावर चिकटवून समाधान मानणे हा ग्रंथांचा सन्मान नव्हे. पण शरीराला स्पर्श कसा करावा याविषयी त्या ग्रंथांनी जो सूक्ष्म विचार केला आहे, तो आज मुद्दाम उघडून पाहण्यासारखा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे फळ सांगताना घागर, कातडे आणि गाडीचा आस यांचे दृष्टांत येतात. तेलाने या तिन्ही वस्तू जशा चिवट आणि कष्ट सोसणाऱ्या होतात, तसेच शरीराचे होते, असा त्याचा आशय. स्पर्श हा वायूचा प्रांत आणि त्वचा हे स्पर्शाचे स्थान, म्हणून अभ्यंग त्वचेला हितकर, अशी त्यामागील मांडणी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना अभ्यंग नित्य करावा आणि डोके, कान व पाय यांना तो विशेषेकरून करावा, असे सुचविले आहे.

याहून महत्त्वाचा आहे तो 'संवाहन' हा शब्द. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात अभ्यंगापासून वेगळे असे संवाहन सांगितले आहे. संवाहन म्हणजे हलक्या हाताने अंग चेपणे. सुख देणारे, झोप आणणारे आणि श्रम हरणारे, असे त्याचे वर्णन येते. चरकाच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी जे उपाय दिले आहेत, त्यांतही अभ्यंग, स्नान, मनाला रुचणारे गंध आणि ध्वनी यांच्या जोडीला संवाहन येते. ज्या विकारात झोप विस्कटते आणि झोप विस्कटली की वेदना वाढते, त्या विकाराच्या रुग्णाच्या घरी हा शब्द नव्याने शिकला पाहिजे. पहिलवानाचे मर्दन आखाड्यात शोभते. दुखऱ्या माणसासाठी पूर्वजांनी वेगळा शब्द ठेवला होता, आणि शब्द वेगळा होता याचाच अर्थ कृतीही वेगळी होती.

हा भेद व्यवहारात मात्र पुसला गेला. जितके दुखेल तितका गुण येईल, अशी समजूत रूढ झाली. मालिश करणारी बाई गाठी फोडण्याच्या नावाखाली अंगठे रुतवते, पाठीवर पोराला उभे करून अंग तुडवून घेतले जाते, मान कडकडा मोडली जाते. ज्याची वेदनेची यंत्रणाच भडकलेली आहे, त्याच्यावर असा प्रयोग करणे म्हणजे पेटत्या चुलीत आणखी लाकूड सारणे होय. त्या दिवशी कदाचित हलके वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण अंथरुणाला खिळतो. मग दोष मालिशेला दिला जातो. खरा दोष जोराचा असतो.

पुरावा किती आणि कसला

स्पर्शाने वेदना का शमावी, याचे काही दुवे आधुनिक संशोधनाने दिले आहेत. मुलाचा गुडघा आपटला की आई आधी तो चोळते, औषध मागाहून शोधते. या सहजकृतीचे स्पष्टीकरण १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले. स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यात पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडते, असा त्यांचा सिद्धांत होता. पुढील संशोधनाने त्यात बरेच बदल केले, परंतु स्पर्श आणि वेदना एकमेकांच्या वाटेत येतात ही मूळ कल्पना टिकून राहिली. त्यानंतर स्वीडनमधील संशोधकांनी मानवी त्वचेतील एका विशिष्ट प्रकारच्या मज्जातंतूंचा माग काढला. हात, पाय, पाठ यांच्या त्वचेत हे तंतू असतात. जोराच्या किंवा घाईच्या स्पर्शाला ते फारसा प्रतिसाद देत नाहीत. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीने, हलक्या हाताने आणि त्वचेइतक्याच उबदार स्पर्शाने कुरवाळले तर ते सर्वाधिक जागे होतात. मेंदूच्या ज्या भागांत सुखदुःखाची जाणीव उमटते, तिकडे त्यांचा संदेश जातो. थोडक्यात, 'मायेचा हात' ही केवळ लाक्षणिक भाषा नाही. त्या हाताचा एक वेग असतो, एक उष्णता असते.

तरीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, मालिशेने हा विकार बरा होतो असा पुरावा नाही. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांचा आणि त्यांतील ४०४ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पाच आठवडे वा अधिक काळ नियमित मालिश घेतलेल्या रुग्णांत वेदना, चिंता आणि खिन्नता यांत उतार दिसला. हा दिलासा आहे. पण चाचण्या लहान होत्या आणि लाभ किती टिकतो हे त्यांतून नीट कळत नाही. २०१७ मध्ये छापल्या गेलेल्या युरोपीय संधिवात-तज्ज्ञांच्या शिफारशींत मालिशेची पाठराखण करण्याइतका पुरावा मान्य झाला नाही. सर्वांत ठाम शिफारस एकाच उपायाला मिळाली, ती म्हणजे व्यायामाला.

मग मालिशेचे स्थान कोणते? ते साहाय्यकाचे आहे, मुख्य नायकाचे नव्हे. अंग इतके ठणकते की चालवत नाही, आणि चालले नाही तर अंग आणखी ठणकते, या फेऱ्यात रुग्ण अडकलेला असतो. संध्याकाळच्या वीस मिनिटांच्या संवाहनाने जर रात्रीची झोप थोडी बरी लागली आणि सकाळी दहा मिनिटे चालण्याचे बळ आले, तर त्या हाताने आपले काम केले. फिरणे, हलकी योगासने, प्राणायाम, ठरावीक वेळी झोप, मनाचा ताण हलका करणारी बोलणी आणि वैद्यांनी योजलेली औषधे या सर्वांच्या पंक्तीत मालिशेचे पान मांडले पाहिजे. सर्व पाने उचलून एकटीलाच बसवण्याचा आग्रह धरणारे तिचे हित करीत नाहीत.

घरातील पद्धत

या मालिशेला खर्च फारसा नाही आणि कौशल्यही दुर्मीळ लागत नाही. लागते ते भान. पहिली पायरी विचारण्याची. आज कुठे चालेल, कुठे नको, हे रुग्णाला विचारल्याशिवाय हात लावू नये. कारण या विकारात कालची सुखाची जागा आजची दुखरी असू शकते. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजणी ठरवून घ्यावी. मालिशेने वेदनेचा आकडा वाढता कामा नये. वाढला तर हात हलका करावा किंवा थांबावे. 'जरा सोस, मग बरे वाटेल' हे वाक्य या मालिशेत वर्ज्य मानावे.

वेळ संध्याकाळची किंवा झोपण्यापूर्वीची बरी. जेवणानंतर लगेच नको. अजीर्ण आणि नवा ताप असताना अभ्यंग करू नये हे सुश्रुतानेही बजावले आहे. खोलीत गार वारा नसावा, पंखा मंद असावा, दूरदर्शन संच बंद असावा. तिळाचे तेल असेल तर उत्तम. उन्हाळ्यात खोबरेल चालेल. तेल वाटीत घेऊन ती गरम पाण्यात ठेवावी आणि कोमट झालेले तेल आधी मनगटावर पाहावे. तेलाच्या जातीपेक्षा हात सरकता राहणे अधिक महत्त्वाचे आहे. उग्र वासाचे मलम अनेक रुग्णांना सोसत नाही, म्हणून ते टाळावे.

हात तळव्याचा वापरावा, अंगठ्याच्या टोकाचा नाही. आरंभ दूरच्या, कमी दुखऱ्या भागापासून करावा. तळपाय आणि पोटऱ्या, मग हात, आणि रुग्ण तयार असेल तर पाठ व खांदे. मनगटापासून कोपरापर्यंत हात न्यायला आठ-दहा सेकंद लागावेत, इतकी गती संथ असावी. जिथे सर्वाधिक दुखते तिथे दाब न देता नुसता तळहात टेकवून ठेवला तरी पुरते. गळ्याच्या पुढच्या बाजूला मालिश करू नये, कण्याच्या हाडांवर दाब देऊ नये, मान मोडू नये. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत. दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नाही असे दिसले, तर हळूहळू पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमाने केलेली मालिश एखाद्या रविवारी तासभर केलेल्या मालिशेपेक्षा हितकर. झोप कशी लागली, सकाळी अंग कसे होते, हे एका वहीत दोन ओळींत टिपून ठेवले, तर महिन्याभरात उपाय लागू पडतो की नाही ते आपोआप कळते. लागू पडत नसेल, तर अट्टहास न करता सोडून द्यावा.

आपल्या आज्यांनी यातील बरेच काही वेगळ्या शब्दांत जपले होते. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासण्याची रीत अजूनही कित्येक घरांत आहे. त्या वाटीत काही चमत्कार असल्याचा दावा करण्याची गरज नाही. दिवसभर उभ्या राहिलेल्या पायांकडे कोणी तरी दहा मिनिटे लक्ष देते, हेच त्या रीतीचे मर्म आहे. ज्या रुग्णाला पाठीवर हात सोसत नाही, त्याला पायांपासून सुरुवात करण्यासाठी ही रीत सोयीची आहे. वाटी मात्र घासावयाची नाही, अलगद फिरवावयाची. तेल-तूप लावल्यावर पाय पुसून मगच उठावे. ओल्या न्हाणीघरात घसरून मोडलेले हाड कोणत्याही मालिशेने भरून येत नाही.

सीमारेषा ओळखणे

घरगुती उपायाची प्रतिष्ठा त्याच्या मर्यादा सांगितल्याने कमी होत नाही, उलट वाढते. ताप असताना, त्वचेवर जखम वा संसर्ग असताना, एकाच पायाची पोटरी सुजून लाल-गरम झालेली असताना मालिश करू नये. शेवटच्या लक्षणामागे रक्ताची गुठळी असू शकते. तेथे चोळणे जिवावर बेतू शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, हाडे ठिसूळ झाली असतील, कर्करोगाचा उपचार चालू असेल किंवा स्त्री गर्भवती असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. वजन झपाट्याने घटणे, सांधे सुजणे, हातापायातील शक्ती जाणे ही फायब्रोमायल्जियाची लक्षणे नव्हेत. ती दिसली तर तेलाची वाटी बाजूला ठेवून तपासणी करून घेतली पाहिजे. थायरॉइडची कमतरता किंवा आमवात यांसारखे विकारही अंगदुखीच्या वेषात येतात. म्हणूनच निदान घरी करू नये. घरी करावयाची ती सेवा.

याच ठिकाणी बाजाराचाही विचार केला पाहिजे. 'सात दिवसांत वेदनामुक्ती' अशा पाट्या लावणारी केंद्रे शहरोशहरी उघडली आहेत. प्राचीन नाव, महागडे तेल, मंद संगीत आणि हजारोंचे पॅकेज! प्रशिक्षित वैद्य आणि जबाबदार फिजिओथेरपिस्ट यांचे काम मोलाचे आहे आणि त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु दीर्घकाळ टिकणाऱ्या विकारात 'कायमचा इलाज' विकणारा माणूस रुग्णाच्या अगतिकतेचा व्यापार करतो. तो परंपरेचे नाव घेतो तेव्हा परंपरेचीही अप्रतिष्ठा होते. ज्या ग्रंथांनी अभ्यंग कोणाला करू नये हेही त्याच श्वासात सांगितले, त्यांच्या नावावर सर्वांसाठी सर्व रोगांचा एकच उपाय विकणे हा त्या ग्रंथांशी केलेला द्रोह आहे.

हात कोणाचा?

अखेर प्रश्न उरतो तो हाताचा. रुग्ण बहुधा घरातील गृहिणी असेल, तर तिला तेल कोण लावणार? एकत्र कुटुंबात सासू, जाऊ, नणंद, लेक असा गोतावळा होता. त्या घरात सुखच नांदत होते असे मानण्याचे कारण नाही. त्या गोतावळ्यातही सुनेचे दुखणे शेवटीच ऐकले जाई. पण हात तरी होते. आज दोन खोल्यांच्या घरात पती, पत्नी आणि परीक्षेच्या अभ्यासात बुडालेले मूल एवढीच माणसे असतात. तेव्हा हा हात पतीचा, मुलाचा, मुलीचाच असावा लागणार.

पुरुषाने पत्नीचे पाय चेपावेत, ही कल्पना अनेकांना अजून अवघड वाटते. संस्कृतीचा दाखला देऊन ती नाकारली जाते. त्यांनी पंढरीची कथा आठवून पाहावी. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत मग्न होता म्हणून साक्षात पांडुरंगाला विटेवर तिष्ठत उभे राहावे लागले. त्या कथेत सेवा करणारे हात पुरुषाचे आहेत, आणि त्या हातांचे काम संपेपर्यंत देव थांबला आहे. ज्या भूमीत अठ्ठावीस युगांच्या त्या तिष्ठण्याचा गौरव होतो, तेथे घरातील दुखऱ्या माणसासाठी वीस मिनिटे काढणे कमीपणाचे कसे ठरावे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. मालिशेचा हक्क जसा रुग्णाचा आहे, तसाच नकाराचाही. आज स्पर्श नको असे तिने म्हटले, तर तो अपमान मानू नये. अशा दिवशी तिच्या हातातील पोळपाट-लाटणे काढून घेणे हीच मालिश. तेल लावताना 'आता तरी बरे वाटते ना?' असा गुण वसूल करणारा प्रश्नही टाळावा. तो ऐकला की रुग्णाला बरे वाटल्याचे सोंग करावे लागते, आणि सोंगाचा आरोप तर तिने आधीच पुष्कळ सोसलेला असतो.

दर वर्षी १२ मे हा दिवस फायब्रोमायल्जियाविषयी जागृतीचा म्हणून अनेक देशांत पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. शुश्रूषेला ज्यांनी शास्त्राची शिस्त दिली, त्यांच्या नावाशी हा दिवस जोडलेला असणे उचितच आहे. परंतु शुश्रूषेचे पहिले केंद्र रुग्णालय नाही, घर आहे. रुग्णालयात निदान होते, औषध मिळते; दुखण्यावर विश्वास ठेवण्याचे काम मात्र घरालाच करावे लागते. तपासणीच्या कागदावर जी वेदना उमटत नाही, ती घरच्यांच्या तळहाताला कळली पाहिजे. कोमट तेलाचा संथ हात कोणाच्या पाठीवरून फिरतो, तेव्हा तो रोग हटवीलच असे नाही. 'तुझे दुखते हे आम्हाला मान्य आहे' एवढे तो निश्चित सांगतो. कित्येक स्त्रिया हे एक वाक्य ऐकण्यासाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या आहेत. त्यासाठी पुढच्या नरक चतुर्दशीची वाट पाहण्याचे कारण नाही.